अवजाराचे पाणी कसे जोखावे?

शाळेच्या कार्यानुभवाच्या खोलीसाठी अवजारे घ्यायला पुण्याच्या रविवार पेठेतील बोहरी आळीत गेलो, की एक अनुभव हमखास येतो. दुकानदार लोखंड तोडायच्या दोन-तीन छिन्न्या समोर ठेवतो. लांबी सारखी, आकार सारखा. किमतीत मात्र दुप्पट-तिप्पट फरक. शाळेच्या खरेदीत सर्वांत कमी दराला मान असल्यामुळे स्वस्तातली छिन्नी येते. चार दिवसांत तिची धार वळते किंवा टवका उडतो. तो टवका एखाद्या विद्यार्थ्याच्या डोळ्याकडे गेला, तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही. मग जास्तीचे पैसे आपण नेमके कशासाठी मोजतो? इतिहासात डोकावले तर याचे उत्तर सापडते.

आपले लोहार पोलादाला ‘पाणी देतात’. माणसाचे पाणी जोखावे असे आपण म्हणतो; अवजाराचेही तसेच असते आणि तेही वरून दिसत नाही. शुद्ध लोखंड मऊ असते. त्यात वजनाच्या साधारण ०.६ ते १.५ टक्के कार्बन असला, तर त्यापासून अवजाराचे पोलाद होते. ते सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत लाल तापवले, की कार्बनचे अणू लोखंडाच्या स्फटिकांत सामावतात. मग ते पाण्यात किंवा तेलात एकदम बुडवले, तर या अणूंना बाहेर पडायला वेळच मिळत नाही. ते आत अडकून पडतात आणि स्फटिकांची रचना ताणून धरतात. पोलाद अतिशय कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा २०० ते ३०० अंशांपर्यंत तापवावे लागते. या वेळी घासून लख्ख केलेल्या पृष्ठभागावर पिवळा, तपकिरी, जांभळा आणि निळा असे रंग क्रमाने उमटतात. ते ऑक्साइडच्या पातळ थराचे रंग होत. साबणाच्या फुग्यावरील रंगांमागेही हेच तत्त्व आहे. हे रंग म्हणजे लोहाराचा तापमापक. पिवळ्यावर थांबले तर धार कठीण राहते, निळ्यावर थांबले तर स्प्रिंगसारखा चिवटपणा येतो.

या विद्येचा पाया भारतात फार जुना आहे. १७९४ साली मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे एका भारतीय पोलादाचे नमुने पाठवले. दक्षिण भारतात मातीच्या लहान बंद मुशींत तयार होणारे हे पोलाद युरोपात ‘वुट्झ’ नावाने ओळखले जाऊ लागले. इकडे ते लेथवर लोखंड कापण्यासाठी, दगड फोडण्याच्या छिन्न्यांसाठी, कानशी आणि करवतींसाठी वापरतात, असे स्कॉट यांनी कळवले होते. वुट्झ म्हटले की आपल्याला तलवारी आठवतात. पण मुंबईच्या या डॉक्टरांच्या नजरेत भरली ती कारागिरांची अवजारे! अगदी मंद लाल तापापेक्षा जास्त आच या पोलादाला सोसत नाही, त्यामुळे ते घडवायला फार वेळ लागतो, हेही त्यांनी नोंदवले. उत्तम माल महाग का पडतो, याचे एक कारण त्यात होते.

लंडनमधील जेम्स स्टोडार्ट हे शस्त्रक्रियेची उपकरणे आणि वस्तरे बनवत. हे पोलाद त्यांना इतके पसंत पडले, की त्यांनी आपल्या दुकानाच्या पत्रिकेवर तसे छापले. पुढे लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडेने १८१९ मध्ये वुट्झचे पृथक्करण केले आणि स्टोडार्ट यांच्यासह मिश्र पोलादांवर प्रयोग केले. वुट्झचे गुण ॲल्युमिनियममुळे असावेत, हा त्याचा कयास मात्र चुकला. डेव्हिड मुशेट याने १८०५ मध्येच वुट्झमधील जास्त कार्बनकडे बोट दाखवले होते. म्हणजे आपल्या कारागिरांना जे हाताने साधत होते, त्याचे कारण शोधताना मोठमोठे शास्त्रज्ञही चकले.

तरीही हे पोलाद मागे पडले. मुशीतून एका वेळी किलो-दोन किलोंचाच गोळा निघे आणि कोळशासाठी जंगले लागत. इंग्लंडमध्ये बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने १७४० च्या दशकात मुशीतील पोलादाची आपली रीत बसवली होती. तेही महागच होते. १८३९ मध्ये जोशिया हीथ याने मँगनीज मिसळण्याचे पेटंट घेतले आणि शेफील्डचे पोलाद पुष्कळ स्वस्त झाले. हा हीथ आधी मद्रास प्रांतात पोर्टो नोव्हो येथे लोखंडाचा कारखाना चालवत होता. १८५६ मध्ये बेसेमरची पद्धत आली आणि रूळ-तुळयांसाठी टनावारी पोलाद निघू लागले. पण त्यातले बरेचसे कमी कार्बनचे, मऊ होते. त्याचीही छिन्नी घडवता येते, ती चकाकतेही. फक्त तिला पाणी चढत नाही.

पुण्यात या ऱ्हासाचा विचार झाला होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ च्या औद्योगिक परिषदेत देशातील लोखंडाच्या उद्योगावर निबंध वाचला. पोर्टो नोव्होसारखे प्रयत्न का फसले याचा आढावा घेऊन त्यांनी सरकारी साहाय्याची गरज मांडली. जमशेदपूरला पोलाद निघू लागले ते १९१२ मध्ये.

या काळात आणखी एक बदल झाला. गावचा लोहार ओळखीचा होता. विळा बोथट निघाला, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी त्याच्या भात्यापाशी हजर होई. दूरच्या कारखान्यातून माल येऊ लागल्यावर ही ओळख तुटली. तिची जागा कारखान्याच्या छापाने आणि पुढे मानकांनी घेतली. भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली. हाती वापरायच्या अनेक अवजारांसाठी भारतीय मानके आहेत. परंतु छाप खोटाही असू शकतो आणि मुलाम्याखाली काहीही दडते. आमच्या प्रयोगशाळेत आलेल्या एका चकचकीत पेचकसाचे टोक पहिल्याच आवळलेल्या स्क्रूवर पिळले गेले. स्क्रूही बाद झाला. वाचलेल्या पैशांपेक्षा वाया गेलेली दुपार महाग पडली.

म्हणून पाणी जोखायला आपण शिकले पाहिजे. एक छिन्नी नमुन्यादाखल आणून धारेजवळ चांगली कानस फिरवून पाहावी. कानस घसरली तर पाणी आहे. सहज चावली तर धातू मऊ आहे. मागचा, हातोडी बसणारा भाग मात्र मऊच हवा, नाहीतर त्याचे तुकडे उडतील. वापराने तो पसरला, तर कडा घासून काढाव्यात. वर्गात एक जाड सुई लाल तापवून हळूहळू निवू द्यावी, दुसरी तशीच तापवून पाण्यात बुडवावी आणि दोन्ही चिमट्यांत धरून वाकवाव्यात. पहिली वाकते, दुसरी मोडते. डोळ्यांवर चष्मा हवाच. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्यावर भर देऊनच.

खरेदी करताना धार लागणारी आणि पीळ सोसणारी अवजारे, म्हणजे छिन्नी, पटाशी, कानस, पेचकस, पाने, चांगली घ्यावीत. संख्या कमी असली तरी चालेल. काटकसर करायचीच तर ती पेटीत आणि मुठींच्या रंगात करावी. खरेदीच्या प्रस्तावात दरासोबत कानशीच्या चाचणीचा निकालही लिहावा. मुख्याध्यापकांना तो समजावून सांगणे हाही विज्ञानाचा एक तासच होय.