ताउल गांवचा स्तंभलेख

स्पेन देशांतील कॅटलोनिया प्रांतीं, पिरेनीज पर्वताच्या बोई नामक खोऱ्यांत, सुमारें दीड हजार मीटर उंचीवर ताउल हें लहानसें खेडें आहे. एवढ्याशा गांवांत बाराव्या शतकांतील दोन ख्रिस्ती देवालयें उभीं आहेत. पैकीं सांत क्लिमेंत देवालयाच्या एका लेखाचा परामर्श आम्ही येथें घेणार आहों. वास्तु रोमानेस्क धाटणीची: वाटोळ्या खांबांनीं विभागलेलीं तीन दालनें, वर लांकडी छप्पर, पूर्वेस तीन अर्धवर्तुळाकार गर्भगृहें आणि बाजूस उंच चौकोनी घंटामनोरा. वास्तूविषयीं इतकें पुरे.

लेख खांबावर कोरलेला नसून रंगानें लिहिलेला होता. भाषा लॅटिन. आशय असा कीं, ख्रिस्तावताराच्या ११२३ व्या वर्षीं, डिसेंबरच्या 'ईद'पूर्वीं चौथ्या दिवशीं बार्बास्त्रोचा बिशप रायमुंदुस आला. त्यानें हुतात्मा संत क्लेमेंत याच्या सन्मानार्थ हें देवालय प्रतिष्ठापिलें व वेदींत संत कोर्नेलियसचे अवशेष ठेविले.

डिसेंबरची ईद १३ तारखेस येते. तेरांतून चार वजा करणारा वाचक ९ तारखेवर येऊन एक दिवस चुकेल. कारण रोमन गणनेंत दोन्हीं टोकें धरावयाचीं असतात. १३, १२, ११, १० असें मोजतां १० डिसेंबर ११२३ हाच दिवस निघतो. आमच्या ताम्रपटांत शक गत कीं वर्तमान हें न पाहतां वर्ष ठरविणाऱ्यांची फजिती होते, त्यांतलाच हा प्रकार. दुसऱ्याच दिवशीं त्याच बिशपानें गांवांतील सांता मारिया देवालयाचीही प्रतिष्ठा केली.

खरी मौज बिशपाच्या पदवींत आहे. रायमुंदुस इ. स. १११६ मध्येंच बार्बास्त्रोहून हुसकला गेला होता; ऊएस्काच्या बिशपानें त्या पीठावर आपला हक्क सांगून त्याला बाहेर काढलें, आणि तो रोदा येथें जाऊन राहिला. असें असतां सात वर्षांनंतरचा लेख त्याला बार्बास्त्रोचाच बिशप म्हणतो. आमच्या मतें हा लेखनिकाचा प्रमाद नव्हे. गेलेल्या पीठावरील हक्काचा तो जाहीर उच्चार होय. आपल्याकडील वतनाच्या तंट्यांचे कागद ज्यांनीं चाळले आहेत, त्यांस पदवी निराळी व भोगवटा निराळा हें सांगावयास नको. केवळ ह्या लेखावरून ११२३ सालीं बार्बास्त्रो त्याच्या ताब्यांत होतें असें कोणी अनुमान करील, तर तें सपशेल खोटें ठरेल.

ह्या देवालयांतील भित्तिचित्रें जगप्रसिद्ध आहेत. १९१९ ते १९२३ ह्या काळांत खोऱ्यांतील चित्रें कापड व सरस लावून भिंतीवरून सोलून काढण्यांत आलीं व बार्सिलोनाच्या वस्तुसंग्रहालयांत गेलीं. लेखासही तोच मार्ग मिळाला. ह्यास दोष देणें सोपें आहे. परंतु त्याच सुमारास व्यापाऱ्यांनीं सांता मारिया दे मुर येथील गर्भगृहाचीं चित्रें काढून विकलीं, तीं अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं पोंचलीं. तेव्हां बार्सिलोनाकरांनीं केलें तें योग्यच केलें असें आम्ही म्हणूं. तथापि लेखांतील 'हें देवालय' ह्या शब्दांपैकीं 'हें' निर्देश करील अशी वस्तु आतां त्याच्या समोर नाहीं, ही हानि लहान नव्हे.

पुढें गर्भगृहांत चित्राची नक्कल रंगविली गेली. २००० सालीं खोऱ्यांतील नऊ देवालयें जागतिक वारशांत आलीं. २०१३ मध्यें नक्कल काढली, तों तिच्या खालीं मूळ रंगाचे अवशेष भिंतीवरच राहिलेले दिसले, आणि त्यांत काइन आबेलास मारीत असल्याचा प्रसंगही उघड झाला. आतां त्या अवशेषांवर प्रकाशाच्या योगें पूर्वीचें चित्र कांहीं क्षण दाखवितात.