विजेची चढण

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, एअरशायर परगण्यांत, डन्यूर गांवाहून दक्षिणेकडे समुद्राच्या कडेनें एक रस्ता जातो. त्याच्या पाव मैलाच्या एका तुकड्यावर वाटसरू मुद्दाम गाडी थांबवितात, ब्रेक सोडतात, आणि पाहात राहतात. इंजिन बंद असतां गाडी हळूहळू चालूं लागते, आणि तीहि उताराकडे नव्हे, तर चढणीकडे! उलट, उतार म्हणून निघालेल्या सायकलस्वाराला मात्र पाय मारावे लागतात.

या जागेचें स्थानिक नांव क्रॉय ब्रे. 'ब्रे' म्हणजे तिकडच्या बोलींत टेकडीची चढण. परंतु तिची ख्याति झाली ती 'इलेक्ट्रिक ब्रे' या नांवानें. वीज ही जेव्हां नवलाईची वस्तु होती, आणि तिच्या अंगीं काय काय सामर्थ्य असेल याचा सामान्य माणसाला अंदाज नव्हता, त्या काळचें हें नांव आहे. टेकडीच्या पोटांत कांहीं विद्युत्शक्ति किंवा लोहचुंबक असला पाहिजे, आणि तोच गाडी ओढून घेत असला पाहिजे, असा लोकांनीं तर्क केला. मला या तर्काचें हंसूं येत नाहीं. हीच जागा आपल्याकडे असती, तर तेथें एखादें देऊळ उभें राहिलें असतें. स्कॉच माणसानें देवाच्या जागीं वीज बसविली, एवढाच फरक. संशय घेतला तो जमिनीवर. स्वतःच्या डोळ्यांवर घ्यावा असें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

अखेर निकाल लागला तो मोजणीनें. रस्त्याचें पश्चिमेकडील वळण समुद्रसपाटीपासून २८६ फूट उंचीवर आहे, आणि पूर्वेकडील झाडीची घळ ३०३ फुटांवर. म्हणजे वळणाकडून घळीकडे रस्ता खरोखर चढतो. पाहणाऱ्याला मात्र तो उतरतांना दिसतो. गाडी घळीकडून वळणाकडे घरंगळते, म्हणजे बिचारी मुकाट्यानें उतारावरच जाते! चढणीचें प्रमाण ८६ फुटांस एक फूट. आपल्या बोरघाटांत आगगाडीला सर्वांत कठीण जागीं ३७ फुटांस एक फूट चढावें लागतें, त्याच्याशीं ताडून पाहिलें म्हणजे ही चढण किती सौम्य आहे तें ध्यानांत येईल. मोजणीचा हा सर्व वृत्तान्त तेथें रस्त्याच्या कडेला एका दगडावर कोरून ठेवलेला आहे. तरी गाड्या थांबावयाच्या त्या थांबतातच.

नांवाची ही गोष्ट एअरशायरपुरती नाहीं. कॅनडांतील न्यू ब्रन्सविक प्रांतांत मंक्टन शहराजवळ असाच एक रस्ता आहे. १९३३ सालीं सेंट जॉन येथील वृत्तपत्राचे बातमीदार मोटार घेऊन तो शोधावयास निघाले, आणि एकेका चढणीवर गाडी उभी करून पाहतां पाहतां कित्येक तासांनीं त्यांना तो सांपडला. त्याला 'मॅग्नेटिक हिल', म्हणजे चुंबकाची टेकडी, असें नांव मिळालें. परंतु चुंबक लोखंडाला ओढील. रबरी चेंडूला आणि पाण्याच्या ओघळाला कसा ओढील? अशा जागीं तेहि चढतांनाच दिसतात.

मग डोळा फसतो कशानें? उतार ठरवितांना डोळा क्षितिजाचा आधार घेतो. टेकड्यांनीं क्षितिज झांकलें, म्हणजे तो जवळच्या डोंगराच्या कडेलाच किंवा कुंपणाच्या भिंतीलाच आडवी रेघ समजतो; आणि ती रेघच कललेली असली कीं सारा हिशेब चुकतो. शिवाय, तीव्र उताराला लागून सौम्य उतार आला, तर शेजाऱ्याच्या तुलनेनें तो चढणच भासतो. २००३ सालीं इटलींतील पाओला ब्रेसान व त्यांचे सहकारी यांनीं हें प्रयोगानें सिद्ध केलें. त्यांनीं मेजावर फळ्यांचे लहानसे रस्ते मांडले, कल बदलून ते लोकांना दाखविले, आणि टेकडीवरचा भ्रम खोलींत उत्पन्न केला. प्रयोग संपल्यावर त्यांनीं फसव्या उतारावर चिकटपट्टीचें एक रीळ ठेवलें. तें 'वर' जातांना पाहून लोक चकित झाले. कांहींच्या मुद्रेवर तर भक्तियुक्त भय दिसलें! ना टेकडी, ना चुंबक. चार फळ्या आणि एक रीळ.

आतां अशी जागा पाहण्यासाठीं स्कॉटलंडला जाण्याचें कारण नाहीं. लडाखांत, लेहहून कारगिलकडे जाणाऱ्या मार्गावर सुमारें ३० किलोमीटरवर, सिंधूच्या खोऱ्यांत एक 'मॅग्नेटिक हिल' आहे. गाडी कोठें उभी करावी यासाठीं रस्त्यावर पांढऱ्या रंगाची चौकट आंखलेली असून, शेजारीं चमत्काराची पाटी आहे. आपल्यापैकीं कोणी तिकडे जाणार असेल, तर गवंड्याची पाणसळ बरोबर न्यावी. ती रस्त्यावर ठेवली कीं तिचा बुडबुडा ज्या टोकाकडे सरकेल, तें टोक उंच. एवढी खात्री झाल्यावर पाणसळ पिशवींत ठेवावी, आणि मान वर करून पुन्हां रस्त्याकडे पाहावें. तो पूर्वीसारखाच उलटा दिसतो.