‘चेंज’ आणि ‘सीन’ : शब्द एक, अर्थ अनेक

जामनेरहून रेल्वेने मुंबईला निघालेल्या प्रवाशाला पाचोऱ्याला ‘चेंज’ करावा लागे. २०२०मध्ये थांबलेली पाचोरा-जामनेर गाडी नॅरोगेजवरची, तर पुढचा मार्ग ब्रॉडगेज. त्यामुळे गाडी बदलणे अपरिहार्य होते. त्याच प्रवाशाने तिकीट खिडकीवर ‘चेंज’ मागितला, तर त्याला सुटे पैसे हवे असत. ‘कीप द चेंज’ म्हणजे ‘उरलेले पैसे राहू द्या’. त्याचे ‘बदल ठेवा’ असे भाषांतर केल्यास अर्थाचा अनर्थ होतो. ‘फॉर अ चेंज’ म्हणजे ‘नेहमीपेक्षा निराळे म्हणून’.

‘सीन’ हा शब्द ग्रीक ‘स्केने’पासून आला. त्याचा मूळ अर्थ तंबू किंवा खोपटे. प्राचीन ग्रीक रंगभूमीवर नट त्याच्या आडोशाला मुखवटे व वेश बदलत. इंग्रजीत ‘सीन’ म्हणजे नाटकातील प्रवेश, तसाच देखावाही. ‘सीन ऑफ क्राइम’ म्हणजे गुन्ह्याचे घटनास्थळ, ‘बिहाइंड द सीन्स’ म्हणजे पडद्याआड आणि ‘मेक अ सीन’ म्हणजे चारचौघांत तमाशा करणे.

‘चेंज ऑफ सीन’मध्ये हे दोन्ही शब्द एकत्र येतात आणि अर्थ होतो हवापालट. म्हणूनच कोशातील पहिल्या अर्थावर न थांबता शेजारचे शब्दही पाहावेत.