हुशार कोण? सिंह, वाघ की आपल्या उसातला बिबट्या?

परवा चहाच्या टपरीवर वाद रंगला, सिंह हुशार की वाघ? मी म्हटलं, बिबट्याला विसरलात काय राव!

प्रयोगाचं म्हणाल तर सिंह पुढे. २०१६ च्या एका अभ्यासात सिंह, तरस, वाघ, बिबट्या यांच्यापुढे मांसाची पेटी ठेवली. दोर ओढला की दार उघडायचं. कळपात राहणारे सिंह आणि तरस सरस ठरले.

पण बिबट्याची खरी परीक्षा आपल्याकडे झाली. १९२६ साली भंडारदरा धरण झालं, पुढे कालव्यांवर ऊस वाढला. दडायला ऊस, खायला कुत्री-शेळ्या. शेजारच्या अकोल्यात विद्या अत्रेय यांनी कॅमेरे लावले. दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे निघाले, तेही भर वस्तीत!

२००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या 'आजोबा'ला पट्टा लावून माळशेजला सोडलं. गडी सुमारे १२० किलोमीटर चालून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोहोचला. जुन्नरला तर बिबटे धरून दुसरीकडे सोडायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले उलट वाढले.

पिंजरा लावा ही मागणी मला समजते. ज्याच्या घरचं लेकरू जातं त्याला आकडे सांगू नयेत. पण नुसतं उचलून दुसरीकडे सोडणं हा इलाज नाही, हे इतिहास सांगतो. शेतीला दिवसा वीज, बंदिस्त गोठे, वस्तीवर उजेड, हे मागू या. बिबट्या आपल्याला ओळखून राहायला शिकला. आपण कधी शिकणार?