दीड दिवसाचा विद्यार्थी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की आमच्या हजेरीपटावर काही नावांपुढे नुसत्या रेघा पडू लागतात. पोरे आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात. आम्ही मास्तर मंडळी चौकशी करतो. पण खरे सांगायचे तर ती बरीचशी कागदापुरती. अशा वेळी मला वारणेच्या खोऱ्यातला एक विद्यार्थी हटकून आठवतो. नाव तुकाराम भाऊराव साठे, गाव वाटेगाव, तालुका वाळवा, जन्म १ ऑगस्ट १९२०. शाळेतली एकूण हजेरी दीड दिवस. गुरुजींच्या जाचाला विटून हे पोर जे उठले ते पुन्हा त्या वाटेला गेले नाही. पुढे सारा महाराष्ट्र त्याला अण्णा भाऊ साठे म्हणून ओळखू लागला.

त्याच्या मांग जमातीला हजेरी ठाऊक नव्हती असे मात्र नाही. इंग्रजी अमलात ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला, त्यांत ही एक. सरकारी हजेरी चुकली तर शिक्षा ठरलेली. ‘फकिरा’ कादंबरीत अण्णांनी ती हजेरी अशी उभी केली आहे की वाचताना मला माझ्याच पटाची लाज वाटते.

बापाबरोबर पायी चालत हे कुटुंब मुंबईला आले. हमाली, गिरणी, मिळेल ते काम. आमची मुले पाटीवर अक्षरे गिरवतात. यांनी ती दुकानांच्या पाट्यांवर आणि सिनेमाच्या जाहिरातींवर वाचली. मध्यंतरी गावी परतल्यावर नात्यातल्या बापू साठ्यांच्या तमाशात ते शिरले. माझ्या मते त्यांची खरी शाळा ती.

पोवाडा लिहिणे सोपे वाटते, तसे ते नाही. त्याच्या ओळी पिंगळाच्या पुस्तकाप्रमाणे मोजून येत नाहीत. शाहीर कथा धावत्या लयीत सांगत सुटतो, तुणतुणे आणि डफ त्याला रेटा देतात, आणि नेमक्या जागी तो थांबला की मागचे झीलकरी ‘जी जी’ करून सूर उचलतात. तेवढ्या अवकाशात शाहिराला श्वास मिळतो आणि ऐकणाऱ्याला ऐकलेले पचवायला वेळ. ही थांबण्याची जागा कुठे, हे कानानेच शिकावे लागते. मी मॅट्रिक होऊन छंदशास्त्राची पुस्तके चाळली, पण ती जागा मला सापडली नाही!

माटुंग्याच्या लेबर कॅम्पात अण्णांनी सुरुवातीला रचलेले एक गाणे डासांवर होते. हसू येईल, पण मला ते फार मोलाचे वाटते. कारण श्रोत्यांना तेच डास त्याच रात्री चावत होते. पुढे याच शाहिराने स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. ती लढाई फेब्रुवारी १९४३ मध्ये संपली; पोवाडा त्याच सुमाराचा. व्होल्गा नदी कोणी पाहिली होती? पण तुळशीदास शाहिराने तानाजीचा सिंहगड ज्यांच्या कानांत भरून ठेवला होता, त्यांना झुंज म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नव्हते.

१९४४ साली लाल बावटा कलापथक निघाले. बार्शीचे अमर शेख, गवाणकर आणि अण्णा अशी ही त्रयी. अमर शेखांचा आवाज पहाडी. तो मैदानाच्या टोकाला ध्वनिक्षेपकावाचून पोचे म्हणतात. अण्णांनी तमाशाची जुनी चौकट मोडली नाही, आतले सामान मात्र बदलले. गण राहिला, पण त्यात गणपतीऐवजी मायभूमीला आणि तिच्यासाठी खपणाऱ्यांना वंदन आले. (गणेशभक्तांनी रागावू नये, त्यांचा गणपती घरोघरी सुखरूप आहे.) गवळण त्यांनी गाळली. राधेची वाट अडवून चाललेली थट्टा बायाबापड्यांसमोर नको, हा विचार मला पटतो. जुन्या रसिकांची मात्र थोडी हळहळ झाली असणार. सरकारच्या बंदीचा बडगाही पडला. तमाशा या शब्दाऐवजी ‘लोकनाट्य’ हा शब्द रुळला, त्यात अण्णांचा वाटा मोठा.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड गाजली. तिची बांधणी पाहण्याजोगी आहे. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोचे रूप आळवतो, निरोपाचा क्षण सांगतो. ऐकणारा त्या विरहात पुरता बुडाला की शाहीर अलगद वळण घेतो. बेळगाव, कारवार महाराष्ट्रापासून तुटले, तीही ताटातूट तशीच. भाषावार प्रांतरचनेवर भाषण ठोकले असते तर अर्धी सभा उठून गेली असती.

माझे आजोबा गिरणीत होते. आजी वीस वर्षे गावी. म्हातारपणी ते गावी परतले तेव्हा मी लहान होतो. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आटोपून ते ओसरीवर बसत आणि ही छक्कड गुणगुणू लागत. पहिल्या भागात त्यांची नजर स्वयंपाकघराकडे असे. आजी आतून ओरडे, “पोरांदेखत काय हे! शोभतं का वयाला?” आजोबा हसत आणि नेटाने पुढे गात. पण बेळगावाचे नाव आले की मांडी मोडून ताठ उभे राहत. आणि मग आतून आजीच्या हातातल्या झाऱ्याचा आवाजही थांबलेला असे.