पिवळी तिळवण : मोहरीसारखी दिसणारी, पण मोहरी नव्हे

मध्य प्रदेशातील बालाघाट हा वैनगंगेच्या खोऱ्यातील, महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला लागून असलेला भातशेतीचा जिल्हा. पावसाळ्यात तेथील बांधांवर, पडीक जमिनीत आणि रस्त्याच्या कडेला चार पिवळ्या पाकळ्यांचे एक तण फुलते. गोव्यात आणि कोकणातही ते सर्रास आढळते. अनेक जण त्याला रानमोहरी समजतात. मराठीत त्याचे नाव पिवळी तिळवण; शास्त्रीय नाव क्लिओम व्हिस्कोसा. लिनियसने 1753 मध्ये हे नाव दिले. काही अलीकडच्या ग्रंथांत ही वनस्पती अरिवेला व्हिस्कोसा या नावाने नोंदलेली दिसते. हिंदी भाषक तिला हुरहुर किंवा हुलहुल म्हणतात.

ओळख

ही वर्षायू वनस्पती साधारणतः 30 ते 90 सेंटिमीटर उंच वाढते. खोड, पाने व शेंगा यांवर ग्रंथियुक्त केस असल्याने ती हाताला चिकट लागते आणि तिला उग्र दर्प येतो. पाने संयुक्त असून त्यांना तीन ते पाच पर्णिका असतात. फुलाच्या चारही पाकळ्या वरच्या बाजूस झुकलेल्या असतात. शेंग सडपातळ, ताठ व उभ्या रेषांची असते. बी तपकिरी ते काळसर, वाटोळे, गोगलगायीच्या शंखासारखे वळलेले आणि आडव्या कंगोऱ्यांचे असते.

मोहरीपासून ती वेगळी ओळखणे अवघड नाही. मोहरीच्या चार पाकळ्या क्रुसाप्रमाणे समोरासमोर असतात. पुंकेसर सहाच, चार लांब व दोन आखूड. तिळवणीत पुंकेसर दहा किंवा त्याहून अधिक असतात. मोहरीच्या शेंगेत मधोमध पातळ पडदा असतो व ती तळाकडून उकलते. तिळवणीच्या शेंगेत पडदा नसतो व ती टोकाकडून उकलते. ऋतूही मदतीला येतो. मोहरी हिवाळ्यात फुलते. पावसाळ्यात पिवळे फूल दिसले, तर ते मोहरीचे नसण्याचीच शक्यता अधिक.

मोहरीशी नाते

साम्य मात्र निव्वळ वरवरचे नाही. पूर्वी तिळवणीचा समावेश वायवर्णाच्या कॅपॅरेसी कुलात होत असे. जनुकीय अभ्यासानंतर वर्गीकरण बदलले आणि 2009 च्या एपीजी-3 पद्धतीत क्लिओमेसी हे स्वतंत्र कुल मानले गेले. मोहरी, मुळा, कोबी व अहाळीव यांचे ब्रॅसिकेसी कुल हे त्याचे सर्वांत जवळचे आप्त होय.

या नात्याची खूण रसायनांत सापडते. दोन्ही कुलांत ग्लुकोसिनोलेट ही गंधकयुक्त द्रव्ये असतात. पान किंवा बी चुरडले की मायरोसिनेज हे विकर त्यांच्यावर क्रिया करते आणि झणझणीत पदार्थ निर्माण होतात. किडींना दूर ठेवणे हा त्यांचा हेतू. तरीही सायकी या नाजूक पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या तिळवणीवरच पोसतात. उत्तराखंडात याच वनस्पतीचे बी ‘जखिया’ या नावाने फोडणीत वापरले जाते.

नावांचा घोळ

तिळवणीला ‘कानफोडी’ असेही म्हणतात. कानदुखीवर पानांचा रस घालण्याच्या प्रथेवरून ते आले असावे. परंतु हा रस त्वचेचा दाह करणारा असून ठेचलेल्या पानांनी फोड येऊ शकतात. तो कानात घालणे टाळावे. शिवाय ‘कानफुटी’ या मिळत्याजुळत्या नावाने ओळखली जाणारी कपाळफोडीची वेल सर्वस्वी वेगळी आहे. पांढरी तिळवण ही तिची भगिनी प्रजाती भारतात व आफ्रिकेत पालेभाजी म्हणून खाल्ली जाते; तिच्या फुलात सहाच पुंकेसर असतात व ते लांब दांड्यावर वर उचललेले असतात.

खरा धोका कोणता?

पिवळ्या फुलांची पारख चुकल्यास घातक ठरते, ती पिवळ्या धोत्र्याच्या बाबतीत. हिंदीत त्याला सत्यानाशी म्हणतात. मूळचे मेक्सिकोकडील हे काटेरी तण अफूच्या कुलातील आहे. पाने पांढऱ्या शिरांची व काटेरी, चीक पिवळा, पाकळ्या बहुधा सहा आणि बोंड काटेरी, या खुणा लक्षात ठेवाव्यात. त्याचे काळसर बी मोहरीएवढेच असते व साधारण त्याच हंगामात पिकते. त्यामुळे ते मोहरीत मिसळते किंवा मिसळले जाते. त्यातील सँग्विनेरीनमुळे पायांवर सूज येते, धाप लागते, दृष्टीवर परिणाम होतो आणि हृदय निकामी होऊन मृत्यूही ओढवतो. 1998 मध्ये दिल्लीत भेसळयुक्त मोहरीच्या तेलामुळे अशा जलशोथाची साथ पसरली. साठहून अधिक माणसे दगावली आणि सुमारे तीन हजार रुग्णांना रुग्णालयात दाखल करावे लागले.

तेल गरम केल्याने हे विष भरवशाने नष्ट होत नाही आणि चवीवरून ते ओळखूही येत नाही. म्हणून शेतकऱ्याने हे काटेरी रोप बोंडे पिकण्यापूर्वीच मोहरीच्या शेतातून उपटून टाकावे, तर ग्राहकाने सुटे तेल टाळावे. तिळवणीबाबत एवढी धास्ती नको. शेंगा पिकून बी झडण्याआधी खुरपणी केली, की पुढील हंगामातील तणाचा भार हलका होतो.