पाणबुड्याच्या श्वासयंत्राची घरच्या घरी दुरुस्ती

समुद्राच्या पृष्ठभागाखाली वीस मीटर खोलीवर पोहणाऱ्या पाणबुड्याचे आयुष्य मुठीत मावेल एवढ्या पितळी यंत्रावर अवलंबून असते. पाठीवरील टाकीत सुमारे २०० बार दाबाने कोंडलेली हवा जशीच्या तशी तोंडात घेणे अशक्य आहे. ती योग्य दाबाने, योग्य क्षणी आणि मागितली तेवढीच देण्याचे काम 'रेग्युलेटर' करतो. या यंत्राची ठराविक काळाने अधिकृत तंत्रज्ञाकडूनच सर्व्हिसिंग करून घ्यावी, असे बहुतेक उत्पादक कंपन्या बजावतात. तरीही अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देशांत आपला रेग्युलेटर आपणच उघडून, स्वच्छ करून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडणाऱ्या हौशी पाणबुड्यांचा एक वर्ग आहे. हे कौशल्य शिकता येण्यासारखे आहे. मात्र त्यातील शिस्त सोडल्यास चुकीची किंमत पाण्याखाली मोजावी लागते.

यंत्राचा जन्म

मागणीनुसार हवा देणारे यंत्र १८६०च्या दशकातच फ्रान्समधील बेनुआ रुकेरॉल आणि ऑग्युस्त देनेरूझ यांनी तयार केले होते. आजच्या स्कूबाचा पाया मात्र १९४३ मध्ये घातला गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई होती. मोटारी गॅसवर चालविता याव्यात यासाठी एमिल गान्यां या अभियंत्याने एक झडप तयार केली होती. नौदल अधिकारी झाक-ईव्ह कुस्तो यांच्या गरजेनुसार तीच झडप श्वसनासाठी बदलण्यात आली. मार्न नदीतील चाचणीत शरीर आडवे असताना यंत्र ठीक चालले. पण शरीराची स्थिती बदलताच हवेचा प्रवाह बिघडू लागला. उच्छ्वासाची झडप आणि दाब ओळखणारा पडदा वेगवेगळ्या खोलीवर राहत होते, हे त्याचे कारण होते. दोन्ही एकाच पातळीवर आणताच दोष दूर झाला. पुढे १९५२ मध्ये ऑस्ट्रेलियातील टेड एल्ड्रेड यांनी एकाच नळीचा 'पॉर्पस' रेग्युलेटर बाजारात आणला. आजचे बहुतेक रेग्युलेटर याच धर्तीचे आहेत.

दोन टप्प्यांची रचना

स्वयंपाकघरातील गॅस सिलिंडरवर बसविलेला रेग्युलेटर आणि पाणबुड्याचा रेग्युलेटर यांचे तत्त्व एकच आहे. उच्च दाबाचा वायू स्प्रिंग आणि झडप यांच्या साहाय्याने कमी दाबाचा करायचा, एवढेच ते तत्त्व. फरक असा, की पाण्यात दर दहा मीटरला बाहेरचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो आणि यंत्राला त्या वाढत्या दाबाशी जुळवून घ्यावे लागते.

टाकीच्या तोटीवर बसणारा पहिला टप्पा टाकीतील दाब उतरवून भोवतालच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार अधिक ठेवतो. यास 'मधला दाब' म्हणतात. या टप्प्यात दट्ट्या किंवा लवचीक पडदा यांपैकी एक यंत्रणा असते. तोंडात धरावयाच्या दुसऱ्या टप्प्यात मोठा सिलिकॉनचा पडदा, त्याला टेकलेली तरफ आणि तरफेने उघडणारी छोटी झडप असते. श्वास ओढताच पडदा आत खेचला जातो, तरफ दबते आणि हवा येते. श्वास थांबताच स्प्रिंग झडप मिटवते.

दुसऱ्या टप्प्याची झडप प्रवाहाच्या दिशेने उघडणारी असते. त्यामुळे पहिल्या टप्प्यात बिघाड होऊन मधला दाब वाढला, तर बहुधा हवा बंद पडत नाही. उलट ती अखंड वाहू लागते. पाणबुड्याला वर येण्यास अवधी मिळतो, पण टाकी झपाट्याने रिकामी होते.

वाद कशाचा?

अनेक कंपन्या सुटे भाग केवळ अधिकृत विक्रेत्यांनाच देतात. ठरलेल्या वेळी अधिकृत केंद्रात सर्व्हिसिंग न केल्यास मोफत सुट्या भागांची सवलत रद्द होते. सुट्या भागांचा संच चुकीच्या हाती गेला तर जीव जाईल, असा कंपन्यांचा युक्तिवाद आहे. उलट, व्यवस्थित चालणारे यंत्र केवळ वर्ष भरले म्हणून उघडण्यात अर्थ नाही आणि दुकानातील कारागीर घाईत चूक करू शकतो, असे घरी काम करणारे म्हणतात. त्यांचा भर दिनदर्शिकेपेक्षा नियमित तपासणीवर असतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. दुकानातील चूक आणि घरातील चूक यांत पाणी भेद करीत नाही.

शिकण्यासाठी पुस्तकांचा आधार उपलब्ध आहे. व्हॅन्स हार्लो यांचे 'स्कूबा रेग्युलेटर मेंटेनन्स अँड रिपेअर' आणि पीट वुल्फिंगर यांचे 'रेग्युलेटर सॅव्ही' ही इंग्रजी पुस्तके या विषयात मानाची समजली जातात. 'पाडी' संस्थेचा उपकरणांविषयीचा अभ्यासक्रम निगा राखण्यास शिकवितो. तो पूर्ण केल्याने दुरुस्तीचा तंत्रज्ञ होता येत नाही. ज्या प्रतिमानावर काम करावयाचे, त्याचे सर्व्हिस मॅन्युअल हाती असल्याशिवाय पाना उचलू नये, हा पहिला नियम होय.

आरंभ कोठून करावा?

नवशिक्याने आपल्या नेहमीच्या रेग्युलेटरवर हात आजमावू नये. जुना, साध्या रचनेचा नमुना घ्यावा. स्कूबाप्रो कंपनीच्या 'एमके-२' सारख्या साध्या दट्ट्याच्या रेग्युलेटरमध्ये पहिल्या टप्प्यातील मुख्य हलता भाग दट्ट्या हाच असतो. अशा यंत्रावर उघडणे, जोडणे, तपासणे हा क्रम अनेकदा गिरविल्यावरच पुढे जावे.

साहित्य फार मोठे नाही. योग्य मापाचे पाने, षट्कोनी चाव्या, मधला दाब दाखविणारा दाबमापक, आटे ठरलेल्या जोराने आवळणारा टॉर्क पाना, भिंग, प्रखर दिवा आणि ओ-रिंग काढण्यासाठी पितळी किंवा प्लॅस्टिकची टोकदार काडी लागते. पोलादी सुई वापरण्याचा मोह टाळावा. ओ-रिंग ज्या खाचेत बसते तेथे केसाएवढा ओरखडा पडला, तरी नवी रिंगसुद्धा गळू लागते. रिंगच्या मापांना आंतरराष्ट्रीय क्रमांक असतात. कमी दाबाच्या तोंडासाठी बहुधा ९०३, तर उच्च दाबाच्या तोंडासाठी ९०४ क्रमांकाची रिंग लागते. दिसायला सारख्या दोन रिंगांचा कडकपणा वेगळा असू शकतो. म्हणून मापाबरोबर तोही जुळविणे आवश्यक आहे.

कामाचा क्रम

१. टाकी बंद करून दुसऱ्या टप्प्याचे बटण दाबावे आणि यंत्रातील सर्व हवा काढून टाकावी. दाबाखालील यंत्र कधीही उघडू नये.

२. उघडण्यापूर्वी मधला दाब आणि श्वास ओढण्यास लागणारा जोर यांची नोंद करावी. रोगाचे निदान झाल्याखेरीज औषध देता येत नाही.

३. पांढऱ्या स्वच्छ कापडावर भाग सुटतील त्या क्रमाने मांडावेत. प्रत्येक पायरीचे छायाचित्र घ्यावे.

४. तोटीकडील धातूच्या गाळणीचा रंग पाहावा. हिरवट छटा म्हणजे खारे पाणी आत शिरल्याची खूण. तांबूस पूड पोलादी टाकीतील गंजाकडे, तर काळसर थर हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरकडे बोट दाखवितो.

५. जुन्या पितळी भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक पितळी भागांवर आढळल्यास पांढरे व्हिनेगर पाण्यात निम्मे मिसळून त्यात भाग थोडा वेळ ठेवावेत आणि नंतर गोड्या पाण्याने धुवावेत. क्रोमचा मुलामा उडालेल्या व ॲल्युमिनियमच्या भागांना हा उपाय घातक ठरू शकतो.

६. सर्व ओ-रिंगा आणि झडपेची सीट नवीन घालावी. दट्ट्याच्या टोकाची धार भिंगाखाली पाहावी. जुन्या सीटवर गोल वण असणे स्वाभाविक आहे. तो एका बाजूला सरकलेला किंवा चिरलेला असेल तर कारण शोधावे.

७. ग्रीसचा हात सढळ नसावा. रिंग चमकेल एवढाच लेप पुरे. उच्छ्वासाच्या झडपेला ग्रीस लावू नये. त्यावर वाळूचे कण चिकटतात.

कसोटीचा क्षण

जोडणी झाल्यावर दुसरा टप्पा लावूनच टाकी उघडावी. दाब भलताच चढला तर तोच सुरक्षा झडपेचे काम करतो. तोटी सावकाश फिरवावी आणि यंत्र चेहऱ्यापासून दूर धरावे. दाबमापकाचा काटा मॅन्युअलमधील आकड्यावर येऊन स्थिर झाला पाहिजे. तो हळूहळू वर सरकत राहिला, तर सीट नीट मिटत नाही असे समजावे. काटा सरकत असताना 'चालेल' म्हणून पाण्यात उतरणे हा या छंदातील सर्वांत महाग शब्द ठरू शकतो. साध्या दट्ट्याच्या रेग्युलेटरमध्ये टाकी रिकामी होत जाते तसा मधला दाब उतरतो. म्हणून भरलेल्या आणि जवळजवळ रिकाम्या अशा दोन्ही टाक्यांवर चाचणी घ्यावी.

दुसऱ्या टप्प्याची तपासणी बादलीभर पाण्यात होते. तोंडात धरावयाचा भाग वर ठेवून तो आडवा, सावकाश बुडवावा. पडदा पाण्याखाली साधारण अडीच ते चार सेंटिमीटर गेल्यावर हवा फुसफुसू लागली, तर जुळणी बहुधा योग्य आहे. त्याआधीच आवाज आला तर झडप सैल आणि फार उशिरा आला तर घट्ट. झडपेचे आसन फिरविताना बटण दाबून धरावे, अन्यथा नवी सीट कापली जाते. अखेरीस संपूर्ण यंत्र दाबाखाली पाण्यात धरून बुडबुडे शोधावेत. त्यानंतरची पहिली बुडी जलतरण तलावात घ्यावी. समुद्राची पाळी त्यानंतर.

कोठे थांबावे?

४० टक्क्यांहून अधिक प्राणवायू असलेल्या मिश्रणासाठी वापरावयाचा रेग्युलेटर हा घरगुती प्रयोगाचा विषय नाही. उच्च दाबाच्या प्राणवायूत तेलाचा अंशही पेट घेऊ शकतो. त्यासाठी विशेष स्वच्छता आणि वेगळे ग्रीस लागते. बर्फाळ पाण्यात वापरावयाचे, तसेच दुसऱ्याला देण्याचे यंत्रही प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच द्यावे. स्वतःच्या चुकीचा धोका स्वतः पत्करता येतो. तो दुसऱ्याच्या तोंडी देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पर्यटकांसाठीही उपयुक्त

तारकर्ली, मालवण, गोवा किंवा अंदमान येथे भाड्याच्या साहित्यानिशी पाण्यात उतरणाऱ्या मराठी पर्यटकाला रेग्युलेटर उघडण्याची गरज नाही. परंतु याच विद्येतील तीन गोष्टी त्याला प्रशिक्षकासमोर अर्ध्या मिनिटात करता येतात. टाकी उघडण्यापूर्वी रेग्युलेटर तोंडात धरून हवा ओढून पाहावी. आत हवा आली तर पडदा किंवा उच्छ्वासाची झडप गळते आहे. टाकी उघडल्यावर फुसफुस ऐकू येते का, याकडे कान द्यावा. मग दाबमापकाकडे पाहत चार-पाच दीर्घ श्वास घ्यावेत; प्रत्येक श्वासागणिक काटा खाली झुकत असेल, तर टाकीची तोटी पूर्ण उघडलेली नाही किंवा गाळणी तुंबली आहे. यांपैकी काहीही आढळल्यास संकोच न करता दुसरे साहित्य मागून घ्यावे.

बुडी संपल्यावरची निगाही तितकीच सोपी आहे. पहिल्या टप्प्याचे टोपण पुसून, कोरडे करून घट्ट बसवावे आणि मगच यंत्र गोड्या पाण्यात भिजत ठेवावे. भिजलेले असताना बटण दाबू नये, कारण त्या वाटेने पाणी नळीत आणि तेथून पहिल्या टप्प्यात शिरते. नंतर सावलीत वाळवावे. एवढी काळजी नित्य घेतली, तर पाना हाती घेण्याची वेळच पुष्कळ उशिरा येते.